वसमतला खालून कोण गाणार

माणिक,

तुझं तेरावं नीट पार पडलं. मंडप माझा, माईक माझा, आणि त्या माईकवर बोलायला उठलेला जवळजवळ प्रत्येक माणूस तुझ्याबद्दल काहीतरी चुकीचं बोलून खाली बसला. एकानं तुला भारूडसम्राट करून टाकलं. एकानं आपल्या तिघांच्या ‘तीन गावं’ पार्टीचा आधारस्तंभ केलं. वसमतहून आलेल्या एका पुढाऱ्यानं तर सांगितलं की तुझा आवाज पहाडी होता. पहाडी म्हणे, तुझा. मी साऊंडच्या मशीनपाशीच बसलो होतो आणि हात बटणावर होता, एवढंच सांगतो. प्रज्ञानं लांबून डोळे वटारले म्हणून तो पुढारी वाचला.

तेव्हाच ठरवलं की आपण लिहायचं. तू कधी जन्मलास, किती शिकलास, ते सगळं छापून झालंय, फोटोही बरा आलाय. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण तू अर्ध्यात सोडून गेलास आणि ते आता माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलंय. वसमतचा कार्यक्रम तोंडावर आला होता. त्याची सुपारी तूच घेतलीस, दवाखान्यात जायच्या आधी, आम्हा दोघांना न विचारता. वसमतवाले रोज फोन करायचे, ‘भाऊ, येनार का न्हाई ते एकदा सांगा, म्हंजी आमाला दुसरं कुनी बघता येईल.’ प्रज्ञा म्हणायची, जायचं. मी म्हणायचो, जायचं नाही, ‘तीन गावं’ संपलं. तीनातलं एक गाव गेल्यावर उरलेल्या दोघांनी ते नाव लावून कशाला हिंडायचं?

पहिल्यांदा भेटलो तेही सुपारीपायीच, आठवतं का? त्या गावाचं नाव मी घेत नाही, तिथले लोक अजून लाजतात. जत्रेसाठी पाटलांनी डोंगरकड्याच्या आमच्या भजनी मंडळाला सुपारी दिली. सरपंचांनी हट्ट्याच्या तुझ्या भारुडाच्या पार्टीला दिली. आणि गावातल्या तरुण पोरांनी वसमतच्या भीमगीतांच्या पार्टीला दिली, जिच्यात वडील गेल्यावर प्रज्ञा मुख्य म्हणून उभी राहायची. तिघांनी एकमेकांना सांगितलं नाही, कारण तिघांचं एकमेकांशी बोलणंच बंद होतं. संध्याकाळी स्टेजवर तीन पार्ट्या, तीन पेट्या, आणि माईक एकच. तोही माझा.

कुणी मागं हटेना. ‘आधी आमी’, ‘आधी आमी’ चालू झालं. तिन्ही पार्ट्यांचे मागं गाणारे झीलकरी रुसून आपापल्या गाडीत जाऊन बसले. शेवटी तिथल्या शाळेतले एक मास्तर वैतागून म्हणाले, तिघं मुख्य उभे राहा, एक गाणं म्हणा, मग खुशाल भांडा. तिघांनाही आपापल्या आईकडून पाठ असलेली एक ओवी निघाली. ती धरली.

आता आपल्याकडची गायकी तुला काय सांगायची. एक मुख्य असतो, तो वर चढतो. मागचे झील धरतात, म्हणजे त्याचीच ओळ ओढून त्याच्या हवाली करतात. मुख्याला एकच काम, वर जायचं आणि मग अजून वर जायचं. त्या दिवशी तीन मुख्य एका रांगेत आणि मागं झील धरायला कुणी नाही. मी पेटीची काळी पाच, ती उंच पट्टी धरून निघालो. प्रज्ञा माझ्या खांद्याला खांदा लावून. तुझा घसा लागोपाठच्या भारुडांनी बसलेला. तू तोंड उघडलंस आणि आवाज वर जाईना. दुसरा कुणी असता तर खोकून बाजूला झाला असता. तू खाली गेलास. आवाज जिथवर पोचत होता तिथं जाऊन उभा राहिलास, आणि आम्ही वर काय वाट्टेल ते करत असलो तरी तिथून हलला नाहीस.

लोक एकदम गप्प झाले. मला वाटलं मशीन बंद पडलं. गाणं म्हणता म्हणता मी वायर बघायला वाकलो होतो, हे प्रज्ञा अजून चारचौघांत सांगते. गाणं संपल्यावर एक म्हातारी स्टेजला धरून उभी राहिली आणि तुला म्हणाली, ‘लेकरा, तू काहून येगळंच म्हनून राहिला व्हतास? पन बरं वाटलं बग.’ तुझ्या घशानं त्या दिवशी दगा दिला नसता तर आपण तिघं ओरडून ओरडून भांडलो असतो आणि आपापल्या गाडीनं घरी गेलो असतो.

घसा पुढच्या आठवड्यात सुटला. मला वाटलं, आता हा वर येणार आणि माझ्याशी झोंबणार. मी तयारीत होतो. तू आला नाहीस. तुझ्या हट्ट्याच्या शेडात, हळद शिजवायच्या त्या बॉयलरच्या बाजूला, आपण पहिला सराव केला आणि तू आपणहून खालचा सूर धरलास. मी विचारलं, ‘घसा बसलाय का अजून?’ तू म्हणालास, ‘न्हाई. मला हितं बरं वाटून राहिलं.’ मला ते काही केल्या पटेना. भारुडात हजार माणसं हलवणारा गडी खाली का जाऊन बसतो? मला वाटलं, यात काहीतरी डाव आहे.

आणि सरावाची तऱ्हा तरी काय. आधी आपण तिघं लोकांकडं तोंड करून उभे राहायचो, सवयीनं. प्रज्ञानं आपल्याला वळवलं. ती वसमत डेपोत कंडक्टर, ड्यूटी संपली की खाकी कपड्यातच यायची, गिटार पाठीला. म्हणाली, ‘भाऊ, लोकांकडं बघून गाता म्हणून एकमेकांच्या अंगावर चढता. एकमेकांच्या तोंडाकडं बघा.’ तीन माणसं, तीन दिशांनी, एकमेकांच्या तोंडात बघत उभी. पहिल्या दिवशी तुझी आई दारातून डोकावली आणि ‘भांडणं लागली का काय’ म्हणून शेजाऱ्याला बोलवायला निघाली. पण तेव्हापासून आपले शब्द एकदम सुटायला लागले आणि एकदम मिटायला लागले. श्वाससुद्धा आपण वाटून घ्यायला शिकलो. एकानं घेतला की बाकीच्यांनी धरून ठेवायचा.

लोकांनी नाकं मुरडली तीही विसरायची नाहीत. आमच्या मंडळात बैठक बसली. भजनाचा माणूस भीमगीतवालीसंगं उभा राहून राहिला, हे कसं? मला विचारलं, मंडळ पाहिजे का ती मंडळी? तिकडं वसमतला प्रज्ञाचे चुलते म्हणत होते, ‘आपण त्यायच्या जत्रेत गायचं, आन ते येतील का आपल्या विहारात?’ मी इकडं माणसामाणसाशी हुज्जत घालत होतो. तू कुणाशी काही बोलला नाहीस. जयंतीच्या दिवशी सकाळी पांढरा सदरा घालून तू विहारासमोर जाऊन उभा राहिलास आणि तिथून मला फोन केलास, ‘दिग्या, मशीन घेऊन ये. हितं आवाज कमी पडून राहिला.’ मी मशीन घेऊन आलो. आलो ते आलो, गाऊनही गेलो. पुढच्या साली डोंगरकड्याच्या सप्ताहात प्रज्ञा उभी राहिली तेव्हा दोन म्हातारे तिच्याकडं पाठ करून बसले. पण उठून गेले नाहीत. गाणं संपलं तेव्हा त्यातला एक वळलेला होता.

मग आलं ‘घागर’. शब्द प्रज्ञाचे, चाल तुझी, आणि वरची हरकत माझी, हे मी मरेपर्यंत सांगणार.

घागर तुझी, घागर माझी, पाणी कुणाचं गं
खाली वाकून बघ जरा, तोंड कुणाचं गं

मी वर, प्रज्ञा मधे, आणि तू खाली. तुला सगळ्या गाण्यात शब्द एकच, ‘पाणी’. दोन सुरांवर, पुन्हा पुन्हा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी तुला किती वेळा म्हणालो, अरे तुझीच चाल आहे, स्वतःसाठी एखादी बरी ओळ तरी ठेवायची होतीस. तू म्हणायचास, ‘हीच बरी हाय.’ मी म्हणायचो, ‘हे काय गाणं हाय का? हे तर कुनीबी म्हनल.’ तू म्हणायचास, ‘न्हाई दिग्या, कुनीबी न्हाई म्हनू शकत.’ या एका गोष्टीवर आपण वर्षानुवर्षं भांडलो. टेम्पोत भांडलो, लग्नाच्या पंगतीत भांडलो, एकदा तर प्रज्ञाच्याच गाडीत, तेव्हा तिनं दोघांनाही पुढच्या थांब्यावर उतरवायची धमकी दिली.

नांदेडच्या एका पेपरात आपल्याबद्दल छापून आलं तेव्हा त्या पोरानं आपल्याला ‘फोक-रॉक’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या मावशीचा फोन. ‘माणिका, तुला फोकराक झालं म्हनं. दुखतंय का रे?’ तू शांतपणे म्हणालास, ‘न्हाई मावशे, नुसता घसा खवखवतोय.’ तिनं तुला काढा पाठवला. तो आपण तिघांनी मिळून प्यायला, आणि तेवढी एकच संध्याकाळ आपण कशावरही भांडलो नाही.

लोक विचारतात, तुम्ही केलं काय? कॅसेट काढायचा जमाना गेला, सिनेमात गेलो नाही, मुंबई-पुण्याला एकदाच गेलो आणि तिथल्या साऊंडवाल्याशी मी भांडून आलो. मग केलं काय? तेराव्याच्या भाषणात हे कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो. आपल्या भागात पोराचा आवाज फुटला की त्याला टाळ देऊन मागं बसवायचे. गप्प बस, तुझा घसा गेला. कितीतरी चांगली पोरं तिथंच गाण्यातून उठली, ती परत आलीच नाहीत. आता तसं होत नाही. आता त्याला म्हणतात, ‘खालून घे.’ कळमनुरी तालुक्यातल्या एका शाळेत मी गॅदरिंगचा मंडप टाकत होतो. बाईंनी पोरांना विचारलं, खालून कोण घेणार? आणि मागच्या बाकावरची ती मिसरूड फुटलेली, स्वतःच्या आवाजाला लाजणारी पोरं, ती हात वर करून उभी राहिली. मी मंडपाचा बांबू धरून तसाच थांबलो. त्या पोरांना तुझं नावसुद्धा माहीत नव्हतं, माणिक. त्यांना वाटतं, गाणं पहिल्यापासून असंच असतं.

आता त्या मोठ्या भांडणाकडं येतो. मशीन माझं, म्हणून आवाजाची बटणं माझ्या हातात, आणि बटणं माझ्या हातात म्हणजे माझा आवाज जरा वर असायचाच. यात मला काही गैर वाटत नव्हतं. वरचा सूर वर ऐकू आला पाहिजे, आजही माझं तेच म्हणणं आहे. पण एका कार्यक्रमात, भर स्टेजवर, प्रज्ञानं गिटार थांबवली आणि माईकमधूनच म्हणाली, ‘भाऊ, माणिकभाऊचा माईक वाढवा, न्हाईतर मी वाजवत न्हाई.’ मी म्हणालो, ‘मशीन माझं हाय.’ लोकांना वाटलं, हा कार्यक्रमातलाच विनोद आहे, ते हसले. तूही हसलास. तू हसलास म्हणून आम्ही दोघंही तुझ्यावर चिडलो, आणि मग एकमेकांवर. त्या उन्हाळ्यात ‘तीन गावं’ बंद पडलं. तू हट्ट्याहून वसमतला जायचास, तिथून डोंगरकड्याला यायचास, दोन्हीकडं चहा प्यायचास आणि दोन्हीकडं काहीच न बोलता परत जायचास. मला तर वाटायचं, हा चहासाठीच येतो.

मी हे तुला कधी सांगितलं नाही, आपण परत कसे उभे राहिलो ते. तुला वाटायचं तुझ्या चकरांनी झालं. तसं नाही. त्या उन्हाळ्यात मी हळद घेऊन वसमतच्या मोंढ्यात गेलो होतो. आडत दुकानाच्या मागच्या गोदामात बाया हळद निवडत बसल्या होत्या. हात पिवळे, तोंड पिवळं, आणि ‘घागर’ चाललं होतं. त्यांनी गाणं वाटून घेतलं होतं. माझं वरचं एक जाडजूड बाई म्हणत होती, माझ्याहून बरं नाही, पण वाईटही नाही. प्रज्ञाचं मधलं चौघी-पाच जणींनी धरलं होतं. आणि तुझं खालचं एका पोरीकडं होतं. तिचं काम निवडलेली हळद पाटीत भरून बाहेर नेऊन टाकायचं. डोक्यावर पाटी घेऊन ती ‘पाणी, पाणी’ म्हणत चालायची. ती दाराबाहेर गेली की आतलं गाणं उघडं पडायचं. सगळ्या म्हणत असायच्या, सूर तेच, शब्द तेच, पण गाण्याच्या अंगावरचं कापड कुणी ओढून न्यावं तसं व्हायचं. ती रिकामी पाटी घेऊन आत आली की पुन्हा सगळं भरून यायचं. मी तिथं उभाच राहिलो. आडत्या दोनदा हाक मारून गेला. ती पोरगी बाहेर गेली, आत आली, बाहेर गेली, आत आली.

मी तिथून थेट डेपोत गेलो. हट्ट्याकडं जाणारी गाडी लागली होती, प्रज्ञाची. मी चढलो. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, ‘कुठं?’ मी म्हणालो, ‘हट्टा.’ ‘हट्ट्याला काहून?’ ‘सरावाला.’ तिनं तिकीट काढून हातात दिलं आणि दोनदा घंटी मारली. पुढच्या कार्यक्रमात तुझा माईक मी वाढवला. तू गाणं संपल्यावर मला म्हणालास, ‘जास्त झाला, दिग्या. कमी कर.’ तेव्हा मात्र मी तुझ्यावर खरा चिडलो.

आणि मग दवाखाना. तिथलं मला फार लिहिता येणार नाही. तू बारीक झाला होतास, पण नजर तीच, समोरच्याला बोलू देणारी. तू म्हणालास, ‘वसमतची सुपारी परत करू नको.’

मी म्हणालो, ‘आधी उठ. मंग बघू.’

‘म्या न्हाईच उठलो तर?’

‘तर गाणं बंद.’

‘काहून बंद? खालचं काय, कुनीबी म्हनतंय.’

माझं डोकंच फिरलं. मी त्या खोलीत ओरडलो, ‘कुनीबी कसं म्हनल? येडा हायस का तू?’ नर्स धावत आली. सुमनवहिनीनं माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलं. बाहेर बाकड्यावर बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण दोघांनी बाजू बदलल्या आहेत. जे वाक्य मी तुला वर्षानुवर्षं ऐकवलं ते तू मला ऐकवत होतास, आणि जे तू म्हणायचास ते मी घसा फाडून म्हणत होतो. मला हसू आलं. तुला आत येऊन सांगायचं होतं की बघ, तू जिंकलास, मी कबूल करतो, आता तरी उठ. आत आलो तेव्हा तू झोपला होतास. वहिनीनं बोट ओठावर ठेवलं. तुला उठवलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं, पण तुझी झोप चांगली लागली होती. तू मला फार आवडायचास, लेका. हे आपल्यात बोलायची रीत नव्हती, म्हणून लिहून ठेवतो.

तर असं हे वसमतचं घोडं अडलं होतं. तेरावं झाल्यावर प्रज्ञा गप्प बसली नाही. तुझं खालचं म्हणून बघायला तिनं दोघांना शेडात बोलावलं. एक तिच्या डेपोतला ड्रायव्हर, एक हट्ट्याच्याच मंडळातला, दोघांचे आवाज चांगले भरीव. मी म्हणालो, बघू तर खरं. ड्रायव्हरनं पहिली ओळ बराबर खालून घेतली. दुसऱ्या ओळीला तो अर्धा जिना चढला. तिसऱ्या ओळीला माझ्या शेजारी येऊन उभा, छाती काढून, माझ्याच सुरात. मंडळातला तर पहिल्याच ओळीला वर आला. त्यांना सांगितलं, खाली राहा. ते ‘व्हय व्हय’ म्हणायचे आणि पुन्हा वर यायचे. त्यांचा तरी काय दोष, आम्हाला लहानपणापासून शिकवलंच ते. वरून कुणी गायलं की पाय आपोआप जिन्याकडं वळतात.

वहिनी चहा घेऊन आली होती. कप ठेवता ठेवता म्हणाली, ‘त्यायला खाली ऱ्हायचा कटाळा येतोय.’ मग मला म्हणाली, ‘भाऊजी, तुमचं वरचं मला येतंय.’

मी म्हणालो, ‘माझं?’

‘हे घरी सराव करायचे तवा वरून म्हनायला कुनीतरी लागायचं. मी भाकरी थापता थापता म्हनायची. समदी गाणी येत्यात.’

इतकी वर्षं माझा सूर हट्ट्याच्या स्वयंपाकघरात दुसरं कुणी म्हणत होतं आणि मला पत्ता नाही. प्रज्ञानं विचारलं, ‘आन खालचं, वहिनी?’

‘खालचं न्हाई येत. ते त्यायनं मला कधी म्हनूच दिलं न्हाई.’ मग ती चहाच्या भांड्याकडं बघत म्हणाली, ‘आता बी मी वरचं म्हनते भाकरी करताना. पन खालून कुनी येत न्हाई.’

तुझा धाकटा भाऊ दारात उभा होता, तो म्हणाला, ‘वहिनी, महिना झाला न्हाई अजून. तुमी स्टेजवर उभ्या राहिल्या तर लोक काय म्हनतील?’ वहिनीनं मान खाली घातली. तुझी आई बाहेर उन्हात बसली होती, आम्हाला वाटलं तिला ऐकूच गेलं नसेल. ती तिथूनच म्हणाली, ‘लोक गाणं आयकतील. अजून काय करतील? जा गं, म्हन तू.’ भावानं अजून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. आईनं त्याला गुरांना पाणी पाजायला पाठवून दिलं.

मग प्रज्ञा माझ्याकडं बघायला लागली. तिचं ते बघणं मला माहीत आहे, तिकीट न काढता बसलेल्याकडं ती असंच बघते. मी म्हणालो, ‘माझा आवाज खालचा न्हाई.’ ती बघतच राहिली. मी म्हणालो, ‘लोक मला वर ऐकायला येत्यात.’ मी म्हणालो, ‘सूर जरा चढवून घ्यावा लागेल. एवढं खाली मला न्हाई जमायचं.’ तिनं गिटारच्या तारा आवळायला घेतल्या.

काल संध्याकाळी आम्ही तिघं तुझ्या शेडात एकमेकांकडं तोंड करून उभे राहिलो. वहिनीनं पदर खोचला आणि ‘घागर’ धरलं. माझी हरकत तिनं जशीच्या तशी घेतली, एक जागा तर जास्तच गोड. मला राग यायला पाहिजे होता, पण वेळ कुणाला होता, मी ‘पाणी’च्या मागं लागलो होतो. दोन सूर, माणिक. दोनच. आणि ते जागेवर ठेवताना माझ्या अंगाला घाम फुटला. जरा लक्ष गेलं की मी वर निघायचो, प्रज्ञा भुवईनं मला खाली ढकलायची. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. शेजारच्या बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्या सगळ्या वहिनीकडं बघत होत्या.

दुसऱ्या कडव्यात वहिनीचा आवाज फुटला. ‘तोंड कुणाचं’पर्यंत आली आणि पुढं जाईना. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. प्रज्ञानं गिटार सोडली आणि तिला धरलं. मी वरून गात असतो तर तिथंच थांबलो असतो. वरचा थांबला की गाणं थांबतं, इतकं सरळ आहे ते. पण खालून थांबावंसं वाटेना. खाली थांबलं तर त्या दोघींना परत यायला जागा कुठली? मी म्हणत राहिलो. पाणी, पाणी. घोगरा, एकटा, बेसूर झाला असेल कदाचित. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी तोच शब्द म्हणत होतो, हे कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. कुणी हसलं नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग गिटार आली. मग प्रज्ञाचा मधला आला. आणि मग वरून वहिनी आली, थेट त्या ओळीवर, मी आजवर कधी गेलो नाही इतक्या वर.

आज सकाळी वसमतवाल्यांचा फोन आला. मी म्हणालो, येतोय. ते जरा घुटमळले, मग स्टेजवर माईक लावायचे म्हणून विचारलं, ‘भाऊ, आता किती जन हायत तुमी?’

‘तिघं,’ मी म्हणालो. ‘आन खालचा माईक मोठा ठेवा.’